सगळ्यात शेवटी कोण आलं

रोपवाटिकेत तिला सगळे बारकी म्हणत. पाच भावंडांतली धाकटी, त्यातून अंगाने काटकुळी, म्हणून घरात पडलेलं नाव. ते पहिल्या लग्नात पुसलं गेलं नाही, नवरा गेल्यावर नाही आणि दुसऱ्या लग्नातही नाही. चाळिशी ओलांडली तरी बारकी ती बारकीच. नव्याने लागलेल्या मुली तेवढ्या बारकीताई म्हणायच्या. ते ऐकलं की झाडांना पाणी घालणारी झारीबाई, चांगली थोराड बाई, कमरेवरची झारी सावरत म्हणायची, "ताई म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा. वारा सुटला की तिला धरून ठेवायचं काम माझंच आहे."

पण तिच्या बोटांची थट्टा कुणी केली नाही. गुलाबाचा डोळा भरावा तर बारकीने. जंगली खुंटाच्या सालीला चाकूच्या टोकाने एक उभी आणि एक आडवी चीर द्यायची, चांगल्या जातीचा टपोरा डोळा त्या चिरेत सरकवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. हे सगळं ती समोरच्याच्या बोलण्याला हुंकार देता देता करी. मग चाकू ब्लीचिंगच्या पाण्यात बुचकळायचा, पुसायचा आणि पुढचा खुंट घ्यायचा. बुचकळायचं राहिलं तर मुकादम मनगट धरून थांबवी. "एकाचं दुखणं दुसऱ्याला देऊ नको."

मुकादमाचे तसे दोनच नियम होते. एक हा चाकूचा. दुसरा पाहुण्यांच्या बाकड्याचा. बाहेरून आलेलं रोप कितीही टवटवीत असो, ते सरळ वाफ्यात जात नसे. काचघराच्या दाराशी एक लांबलचक बाकडं होतं, तिथे त्याने मुक्काम करायचा. मुकादम रोज पानं उलटून बघणार, कुंडीतून मुळं काढून बघणार, आणि त्याचं समाधान झालं तरच पाहुणा आत. इतकं करूनही एखाद्या वाफ्यावर रोग पडलाच, तर तो कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि विचारायचा, "इथे सगळ्यात शेवटी कोण आलं?"

जे शेवटी आलं असेल ते उपटायचं आणि जाळायचं. पुढची चौकशी नाही. बारकी तरुण होती तेव्हापासून हेच पाहत आली होती. आणि पुष्कळदा रोग थांबायचाही, त्यामुळे नियमावर कुणाला शंका घ्यावीशी वाटली नाही.

वादळात काचघराची अर्धी तावदानं फुटली तेव्हा ती बसवायला काचवाला आला. पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा, हातांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा. शिडीवर चढून तो पुट्टी लावायचा आणि खालून बारकी दिसली की म्हणायचा, "जरा बाजूला व्हा, तुमच्या डोक्यावर काच पडली तर एवढं नाजूक कलम मला परत कोण बांधून देणार?" तावदानं लावून संपली तरी तो येतच राहिला. कधी एखादी काच सैल वाटते म्हणून, कधी काहीच कारण न सांगता. बारकीची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. पहिला नवरा, तिचा बाप, मालमोटार चालवायचा. घाटातल्या एका वळणावर गेला तेव्हा पोर जेमतेम चालायला लागली होती. मुलीने काचवाल्याला नीट न्याहाळलं आणि "काका" म्हणून टाकलं. मग चार सह्या करून लग्न झालं. त्या दिवशी झारीबाईने भर काचघरात विचारलं होतं, "बाहेरून आलाय बाई. थोडे दिवस बाकड्यावर ठेवलास की नाही?"

सगळे हसले होते. सगळ्यात जास्त बारकीच हसली होती.

लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा आरोग्य केंद्रातून तिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांना तपासणीला बोलावलं. बारकी गेली, कारण झारीबाई एकटी जायला घाबरत होती. काही दिवसांनी दोघी निकाल घ्यायला गेल्या. झारीबाईचं सगळं ठीक निघालं. बारकीला नर्सबाईंनी पडद्याआड बोलावलं.

"एचपीव्ही पॉझिटिव्ह आलंय तुमचं. जास्त धोक्याच्या प्रकारातलं. घाबरायचं नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाई येतील, त्यांना दाखवायचं."

"म्हणजे काय हो?"

"विषाणू असतो. गर्भपिशवीच्या तोंडाशी बसतो. तसाच राहिला तर पुढेमागे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून आधीच तपासायचं."

त्या वाक्यात पुष्कळ शब्द होते. बारकीला एकच ऐकू आला. तिची मावशी आठवली, मागच्या खोलीत महिनोन्‌महिने पडून असलेली, आणि दाराशी कुजबुजणाऱ्या बायका, मुलं जवळ आली की गप्प होणाऱ्या.

"कशाने होतो?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला.

नर्सबाईंनी आवाज खाली आणला. "संबंधातून. नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून नवऱ्याला. डॉक्टरबाई समजावतील नीट." आणि पडदा सारून त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. बाहेर रांग दारापर्यंत गेली होती.

नवऱ्याकडून बायकोला. बारकीने एवढंच बरोबर घेतलं. दुसरं अर्धं ती ऐकून न ऐकल्यासारखी तिथेच सोडून आली.

"काय म्हणाल्या गं?" झारीबाईने विचारलं.

"रक्त कमी आहे म्हणाल्या."

"ते मी न तपासताही सांगितलं असतं. चल."

दुसऱ्या दिवशी कामावर तिने पहिला डोळा भरला आणि तो उलटा बसला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिने इकडेतिकडे बघत पट्टी सोडवली, तो डोळा फेकला आणि चाकू पाण्यात बुडवून तशीच उभी राहिली. शेजारच्या वाफ्यात मुकादम कुणाला तरी झापत होता. पाहुण्यांच्या बाकड्यावर जास्वंदीची नवी रोपं ओळीने बसली होती, निरागस चेहऱ्याची. माझ्या घरात सगळ्यात शेवटी कोण आलं, तिच्या मनात आलं. आणि मग ते मनातून हटेना.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. एकदा डोक्यात शिरलं की साध्या गोष्टीही तोंड फिरवून बघायला लागतात. काचवाला गेले दोन महिने गावाच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या इमारतीवर काम करत होता, उशिरा येत होता. आधी तिला त्याची दया यायची; आता ती विचार करू लागली, तिथे आणखी कोण कोण कामाला असतं? तो पुट्टी काढायला कसल्याशा उग्र साबणाने हात धुऊन यायचा. तो वास कशावरचा वास झाकायला? गुणगुणत यायचा. कुणाला खूश करून? आणि पंचेचाळीस वर्षं बिनलग्नाचा राहिलेला माणूस, तो काय भिंतीकडे तोंड करून बसला असेल? लग्नाआधी हे तिला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. तेव्हा तो पुरेसा वाटला होता.

पण संशयापेक्षाही मोठं होतं ते भय.  आंघोळ करताना ती स्वतःच्या पोटाकडे बघायची. काही दुखत नव्हतं. तेच जास्त भयंकर होतं. दुखलं असतं तर निदान कुठे आहे ते कळलं असतं.

विचारायचं धाडस नव्हतं, मग तिने तिला येत होतं ते केलं. न बोलता त्याला बाकड्यावर बसवलं. त्याचं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला. टॉवेल बाहेरच्या दोरीवर गेला. पाठीत उसण भरल्याचं सांगून ती मुलीच्या खोलीत झोपायला लागली. रोपवाटिकेतून बाटलीत ब्लीचिंग पावडर आणून नळ, कड्या, मोरी रोज पुसू लागली. हातांची सालं निघाली.

"आई, घराला दवाखान्याचा वास येतोय," मुलगी नाक धरून म्हणाली.

"साथ आहे बाहेर."

"कसली?"

"आहे कसलीतरी. अभ्यास कर."

काचवाला सुरुवातीला चेष्टेवारी नेत होता. "अगं, पुसून पुसून कडी गायब करशील. मग दार कसं लावायचं?" मग चेष्टा थांबल्या. तो ताटाकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा, आणि जेवून आपलं आपण धुऊन ठेवायचा. जेवणावर त्याचं लक्ष नसे. तिला वाटे, चोराच्या मनात चांदणं.

झारीबाईला शेवटी तिने सगळं सांगितलं, कुंड्यांच्या ढिगाऱ्यामागे. झारीबाईने झारी खाली ठेवली; ही गोष्ट ती फारशी करत नसे.

"कॅन्सर झालाय?"

"नाही. होऊ शकतो म्हणाल्या."

"मग आधीच कशाला मरतेस?" ती म्हणाली. "आणि त्याने दिलं म्हणतेस."

"मग कुणी?"

"ऐक बारके. पुरुषाला विचारायचं नसतं. विचारलं की तो सावध होतो. गप्प राहायचं, एक दिवस तो आपसूक सापडतो."

"तुझा सापडला?"

"माझा कुठला सापडतोय. त्याला घरातली चप्पल सापडत नाही, दुसरी बाई कुठून सापडायची." ती हसली, पण बारकीकडे बघून हसू आवरलं. "डॉक्टरबाईंकडे मी येऊ का?"

बारकीने मान हलवली. कुणाबरोबर गेलं की ते खरं होईल असं तिला वाटत होतं.

डॉक्टरबाईंकडे जायच्या आदल्या संध्याकाळी ते घडलं. तिघं जेवत होती. मुलीला ठसका लागला, तिने हाताला लागला तो काकाचा पेला उचलला आणि तोंडाला लावला. बारकीने तो हिसकावून घेतला. पाणी मुलीच्या अंगावर सांडलं, पेला जमिनीवर आपटला आणि गरगरत भिंतीपर्यंत गेला.

 मुलीचा ठसकाही थांबला.

"मला काय झालंय?" काचवाल्याने हळूच विचारलं.

"तू जरा शेजारी जाऊन बस," बारकी मुलीला म्हणाली.

"पण आई..."

"जा म्हटलं ना!"

दार लागलं. काचवाला हात न धुता तसाच बसून होता. बारकी उभी होती. तिला वाटलं होतं की हे ती शांतपणे विचारेल.

"तुमचं बाहेर कुणी आहे?"

तो हसलाच आधी. मग तिचा चेहरा बघून हसू तिथेच विरलं. "कुणी म्हणजे?"

"मला रोग निघालाय. संबंधातून होणारा. कॅन्सरचा." शब्द जसे सुचले तसे बाहेर पडले, नर्सबाईंनी दिले होते त्याहून कितीतरी वाईट होऊन. "नवऱ्याकडून होतो तो."

त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. तिने तो उतरताना पाहिला आणि तिला वाटलं, कबुली मिळाली.

"कॅन्सर?" तो म्हणाला. "तुला?"

"विषय बदलू नका."

"मी कुठे बदलतोय? अगं, मला तू हे..." तो उठायला लागला.

"जवळ येऊ नका." ती मागे सरली. "कुठे जाता ते सांगा."

"काच बसवायला जातो! आणखी कुठे जाणार?" मग त्याचा आवाज खाली आला. "आणि ते माझ्याकडूनच आलं, हे कुणी सांगितलं तुला?"

"मग कुणाकडून? माझ्या घरात सगळ्यात शेवटी कोण आलं?"

तो उठला. मग भिंतीपाशी जाऊन पेला उचलला, मोरीत ठेवला, हात धुतले.

"तुझ्या घरात," तो म्हणाला. "मी दोन वर्षं समजत होतो आपलं आहे."

त्याने खुंटीवरचा सदरा घेतला. त्याचं काचकामाचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. मागे एक खाट होती. तो तिकडे गेला हे तिला बघायची गरज नव्हती. मुलगी परत आली तेव्हा तिने एकच विचारलं, "काका कुठेत?" आणि पाठ फिरवून झोपली. आईला शेजारी झोपायला ती सरकून जागा करायची, ती त्या रात्री केली नाही.

डॉक्टरबाई वयस्क होत्या. टेबलावरच्या निवलेल्या चहावर साय धरली होती. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बसा. किती दिवस झोपला नाहीत?"

बारकीला रडायचं नव्हतं. तिने विचारलं, "हा कधी आला असेल माझ्यात?"

"सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेही नाही. गेल्या वर्षी आला असेल, वीस वर्षांपूर्वी आला असेल. हा सर्दीसारखा नाही, की आज लागला आणि परवा नाक वाहायला लागलं. संबंध आलेल्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी भेटतो. बहुतेकांचं शरीर त्याला आपोआप हुसकावतं, कळतही नाही. काहींच्या अंगात राहतो. वर्षानुवर्षं गप्प बसतो, चाचणीतही सापडत नाही, आणि मग वर येतो."

"लग्न माझं दुसरं आहे," बारकी म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"मग पहिल्या नवऱ्यापासून असेल. दुसऱ्यापासून असेल. त्यांना त्यांच्या आधीच्या कुणापासून. यात कुणी कुणाला फसवलं असलंच पाहिजे असं नाही. आयुष्यात एकच पुरुष माहीत असलेल्या बायका माझ्याकडे येतात याच कारणासाठी."

"पण पसरतो तर संबंधातूनच ना?"

"हो. त्या जागेची कातडी कातडीला लागते, तेवढं पुरतं. निरोधाने धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. सगळंच काही झाकलं जात नाही."

"ताटातून? पेल्यातून? मुलीला..."

"नाही हो. पेल्यातून कसा जाईल?" डॉक्टरबाईंचं लक्ष तिच्या सोललेल्या बोटांकडे गेलं. त्यांनी ती बोटं उलटून पाहिली, काही विचारलं नाही. "मुलगी केवढी आहे?"

"चौदा."

"तिला लस देऊन टाका. या वयात चांगली लागू पडते."

बारकी खुर्चीच्या काठावर येऊन बसली. "त्यांना तपासता येईल? माझ्या नवऱ्याला?"

"पुरुषांसाठी अशी नेहमीची चाचणी नाही. चामखिळीसारखं काही दिसलं, जखम दिसली, तर दाखवायचं."

"मग..." ती थांबली. नर्सबाईंचं ते दुसरं अर्धं वाक्य आता कुठूनतरी वर आलं होतं, आणि ते उच्चारायला तिला फार जोर लागला. "मग माझ्यातून त्यांना गेला असेल?"

"असेल. किंवा त्यांच्याकडून तुम्हाला. किंवा दोघांना आधीचाच असेल. याचा माग काढता येत नाही बाई, आणि काढून उपयोगही नाही. आपण पुढचं बघू. या आत."

आत एक उंच टेबल होतं आणि डोळ्यांवर येणारा दिवा. डॉक्टरबाई आंबूस वासाचं काहीतरी लावत होत्या, दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघत होत्या, मध्येच "हं" म्हणत होत्या.  छताला पाण्याचा एक ओघळ वाळला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग चिमटा बसला, आतून, खोल. "छोटा तुकडा घेतलाय. तपासायला पाठवते. मंगळवारी या."

ती बाहेर पडली. रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर ती बसली आणि तिला रोपवाटिकेतला पिवळा गुलाब आठवला. मोठं झाड, जुनं, निरोगी पानांचं. कित्येक वर्षं त्याचेच डोळे ते भरत होते. आणि कित्येक वर्षं कुठल्या ना कुठल्या वाफ्यात पानं आकसायची, मुकादम शेवटी आलेलं रोप शोधून जाळायचा. एका दुपारी कुणी नसताना तो पिवळा गुलाब त्याने स्वतःच्या हाताने खणून काढलेला बारकीने पाहिला होता. त्या झाडावर शेवटपर्यंत एक पान आकसलं नव्हतं. मुकादमाने त्याबद्दल कधी कुणाला एक शब्द सांगितला नाही. आणि नियमही बदलला नाही.

तिला कालचा आपला प्रश्न आठवला आणि अंगभर गरम वाटलं. भय गेलं नव्हतं. त्याने फक्त कूस बदलली होती. आतापर्यंत ती मरायला घाबरत होती. आता त्याला काही झालं तर, आणि ते आपण नेऊन दिलेलं असलं तर, याचं ती भय घेऊन चालायला लागली. सगळ्यात मोठी भीती समोर होती: दोन गल्ल्या पलीकडे जाऊन हे सांगायचं, आणि तो म्हणू शकेल ते ऐकायचं.

दुकानाच्या शेजारच्या सुताराने रंधा थांबवला. "काय वहिनी, काच न्यायची की माणूस? माणूस काल रात्रीपासून कुणाशी बोलत नाही. माल खराब निघाला तर आम्ही परत घेत नाही हां."

आत काचवाला टेबलावर वाकून काच कापत होता. हिऱ्याच्या टोकाची ती बारीक किरकिर ऐकू येत होती. तिने रेघ पूर्ण होऊ दिली. त्याने काच टेबलाच्या कडेला धरून टचकन मोडली, बाजूला ठेवली.

"काय म्हणाल्या?" त्याने वर न बघता विचारलं. आज तिला जायचं होतं, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. झारीबाईने सांगितलं असणार.

"तुकडा घेतलाय. मंगळवारी कळेल."

"आणि?"

"आणि माझ्याकडून तुम्हाला लागला असेल तो. म्हणजे पहिल्यापासून माझ्यातच असेल. कळत नाही म्हणाल्या." ती दारातून एक पाऊल आत आली. "तुम्ही कुणाकडे गेलाच असाल असं नाही. मी म्हणाले ते चूक होतं."

त्याने हिरा खाली ठेवला. बाकावरचा काचेचा चुरा झाडला आणि स्वतःच तिथे बसला.

"मी रात्रभर काय विचार करत होतो माहितीय?" तो म्हणाला. "एक होती. पूर्वी. इमारतींच्या कामावर ओळख झालेली. चार-पाच वर्षं होतो आम्ही, मग ती गेली दुसऱ्या गावी. तुझ्या किती आधी. मी काही संत नव्हतो. तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं उरलंच नव्हतं काही. आणि काल तू म्हणालीस तेव्हा मला तीच आठवली. वाटलं, झालं, मीच आणलं हे. मीच मारलं हिला."

"म्हणून रंग उतरला होता तुमचा?"

"कॅन्सर म्हणालीस अगं तू! आणखी काय उतरणार?"

"झालेला नाही," ती घाईने म्हणाली. "होऊ शकतो. नाहीही होणार. मी नीट सांगितलं नाही." आणि तिने डॉक्टरबाईंचं सगळं, आठवेल तसं, मागचं पुढे करत सांगितलं. तो ऐकत होता. कातडीचं ऐकलं तेव्हा त्याने नकळत स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं.

"म्हणजे मला आहे की नाही ते कळणारच नाही?"

"नाही."

"कुणी कुणाला दिलं तेही नाही?"

"नाही."

शेजारी रंधा पुन्हा चालू झाला होता. 

"रोगाचं मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण तू पोरीच्या तोंडचा पेला ओढलास. माझा म्हणून. ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही."

"माझ्याही."

"ताट वेगळं केलंस तेव्हा मला वाटलं, हिला माझा कंटाळा आला. मी म्हटलं, बरोबर आहे, या वयात आलेला माणूस, कोण किती दिवस..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"चला घरी," ती म्हणाली.

"आज नाही."

ती उभी राहिली. पुढे काय विचारायचं ते तिला कळत होतं आणि तिची हिंमत होत नव्हती. दारापर्यंत गेली तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "मंगळवारी किती वाजता?"

मंगळवारी ती केंद्रात पोचली तेव्हा तो आधीच येऊन बसला होता, बायकांच्या रांगेत एकटाच पुरुष, टोपी हातात घेऊन, कुणाकडे बघावं ते न कळून जमिनीकडे बघत. ती शेजारी बसली. दोघांमध्ये एका माणसाची जागा होती. आतून एक बाई डोळे पुसत बाहेर आली तेव्हा तो सरकला, आणि ती जागा उरली नाही.

हाक आली. "दोघं आलात? बरं झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. कागद त्यांच्या हातात होता. त्यांना चष्मा सापडत नव्हता. तो त्यांच्याच गळ्यात लटकत होता, पण हे सांगायला त्या दोघांच्या तोंडातून शब्द निघेना.

"हलका बदल आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "कॅन्सर नाही. असे बदल बहुतेक वेळा आपोआप जातात. वर्षाने पुन्हा तपासायचं, चुकवायचं नाही. वाढलं तर तेव्हा इलाज आहे आणि तो सोपा आहे."

"वर्षाने," बारकी म्हणाली.

"हो. मधल्या काळात रोज त्याचा विचार करायचा नाही, हे मी सांगते, पण कुणी ऐकत नाही."

काचवाल्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "डॉक्टरबाई, एक विचारू? म्हणजे आम्ही... पुढे... एकत्र..."

"राहा की. जे वाटून घ्यायचं ते तुम्ही दोघांनी केव्हाच वाटून घेतलंय. आता वेगळं होऊन कुणाचं रक्षण करणार?"

त्याचे कान लाल झाले. बारकीने खिडकीबाहेर पाहिलं.

रस्त्यावर आल्यावर दोघं फाटकाशी थांबली. डावीकडे त्याचं दुकान, उजवीकडे घर. आता तो कुठल्या बाजूला वळतो ते बघायचं होतं, आणि आत त्या टेबलावर झोपली असतानाही ती इतकी घाबरली नव्हती.

"भीती वाटतेय मला," ती म्हणाली. "वर्षभर वाटणार."

"मला तर तपासणीही नाही," तो म्हणाला. "मी कुठल्या तारखेपर्यंत घाबरायचं?"

तिला हसू आलं आणि ते मध्येच तुटलं. त्याने तिच्या दंडाला धरलं, शिडीला धरावं तसं घट्ट.

"पोरीची शाळा सुटेल आता," तो म्हणाला. "लशीचं तिला तू सांगणार की मी? ती विचारेल हां, हे होतं कशाने."

"मी सांगते. सगळं सांगते."

"मग मी नुसता बसतो शेजारी."

आणि तो उजवीकडे वळला.